दोन खुर्च्या : ख्रिस्ती श्रद्धा आणि मनाचे समुपदेशन

जुन्या कॅथलिक चर्चमध्ये एका बाजूला लाकडी कपाटासारखी एक जागा असते. मध्ये जाळी, जाळीच्या एका अंगाला धर्मगुरू बसलेले, दुसऱ्या अंगाला गुडघे टेकलेला माणूस. हा पापनिवेदनाचा, म्हणजेच प्रायश्चित्त संस्काराचा कोपरा. गोव्याच्या कोकणीत याला ‘कुमसार’ म्हणतात. तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर, एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुसरी एक खोली असते. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर पाण्याचा ग्लास. ही समुपदेशकाची खोली.

दोन्ही ठिकाणी माणूस एरवी कुणालाही न सांगितलेले सांगतो. ऐकणाऱ्यावर दोन्हीकडे गुप्ततेचे बंधन असते. बाहेर पडताना थोडे हलके वाटावे, ही अपेक्षाही सारखीच. साम्य साधारण इथपर्यंत. पहिल्या जागी माणूस ‘मी चुकलो’ म्हणत येतो आणि देवाची क्षमा घेऊन जातो. दुसऱ्या जागी तो ‘मला त्रास होतो आहे’ म्हणत येतो आणि त्या त्रासाचे मूळ व उतारा शोधू लागतो. धर्मगुरूंचे मौन कॅथलिक धर्मनियमांनुसार निरपवाद असते. समुपदेशकाच्या मौनाला मर्यादा असतात. कुणाचा जीव धोक्यात असेल तर त्याला गप्प राहता येत नाही आणि बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच केले आहे.

आता प्रश्न असा, की रोज पहाटे तीनला जाग येणाऱ्या, जेवणावरची वासना उडालेल्या, ‘देवाने माझ्याकडे पाठ फिरवली’ असे वाटणाऱ्या श्रद्धावान माणसाने कुठे जावे? प्रश्न पुस्तकी नाही. चर्चमध्ये त्याला ‘तुझा विश्वास कमी पडतो, प्रार्थना वाढव’ असे सांगितले गेले, तर उपचाराची वेळ निघून जाते, वर अपराधीपणाची भर पडते. दवाखान्यात त्याची श्रद्धा हेच आजाराचे लक्षण ठरवले गेले, तर तो पुन्हा त्या पायऱ्या चढत नाही. या दोन चुकांच्या मधली वाट शोधण्याचा प्रयत्न ख्रिस्ती जगात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्याचा अभ्यास करणारे त्याला श्रद्धा आणि मानसशास्त्र यांचे ‘एकात्मीकरण’ म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे. या वाटेवर जे टिकले आणि उपयोगी पडले, ते दोन खुर्च्यांची एक खुर्ची करून नव्हे. कुठली खुर्ची कशासाठी, हे नीट ओळखून. तेच या लेखात तपासून पाहायचे आहे.

पाद्री, डॉक्टर आणि रुग्ण

फ्रॉइडचे धर्माविषयीचे मत सर्वांना ठाऊक आहे. १९२७ मध्ये त्याने धर्म हा एक भ्रम असल्याचे सांगणारे पुस्तक लिहिले. पण त्याला सविस्तर उत्तर देणारा माणूस त्याचाच जवळचा स्नेही होता आणि तो पाद्री होता, हे फारसे सांगितले जात नाही. झुरिकचे ऑस्कर फिस्टर (१८७३–१९५६) हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक १९०९ पासून फ्रॉइडशी पत्रव्यवहार करत होते. आपल्या मंडळीतील लोकांची दुखणी समजून घेण्यासाठी त्यांनी मनोविश्लेषण आत्मसात केले. मनोविश्लेषण हे स्वतः धार्मिकही नाही आणि धर्मविरोधीही नाही, ते दोघांच्याही हाती देता येईल असे साधन आहे, असे फ्रॉइडने सुरुवातीलाच त्यांना कळवले होते. १९२८ मध्ये फिस्टर यांनी फ्रॉइडच्या पुस्तकाचा प्रतिवाद छापला. तो छापला गेला फ्रॉइडच्याच नियतकालिकात, आणि दोघांची मैत्री पुढेही टिकली. श्रद्धेवर मतभेद ठेवूनही साधन वाटून घेता येते, याचा हा पहिला मोठा दाखला.

त्याआधीच, १९०६ मध्ये, बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एलवुड वूस्टर या धर्मगुरूंनी मानसिक त्रासाने गांजलेल्यांसाठी उपचारवर्ग सुरू केले होते. वूस्टर यांनी जर्मनीत मानसशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्या कामातली एक पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. येणाऱ्या माणसाची तपासणी आधी डॉक्टर करत. दुखणे शरीराचे आहे असे आढळले, तर त्याला रुग्णालयाकडे पाठवले जाई. प्रार्थना आणि संवाद त्यानंतर.

तिसरी व्यक्ती स्वतः रुग्ण होती. अँटन बॉयसन (१८७६–१९६५) हे अमेरिकी धर्मोपदेशक १९२० मध्ये तीव्र मानसिक आजाराने मनोरुग्णालयात दाखल झाले. भ्रम, भास, जगबुडीची भीती, सारे अनुभवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की इथे देहाकडे पाहणारे लोक आहेत, पण या अनुभवाचा अर्थ काय, हे माझ्याशी बोलायला कुणी नाही. आणि ज्या चर्चमधून आपण आलो, तिथल्या लोकांना या भिंतीआडच्या माणसांविषयी काही ठाऊकही नाही. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मगुरू म्हणून रुजू झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना तिथे शिकायला आणले. हे विद्यार्थी प्रवचने देत नसत. ते वॉर्डात मदतनीस म्हणून राबत, रुग्णांसोबत दिवस काढत आणि पाहिलेले लिहून काढत. धर्मशास्त्र जसे ग्रंथांतून वाचायचे तसेच ते जिवंत माणसांतूनही वाचायचे, असे बॉयसन यांचे म्हणणे होते. आज जगभरच्या रुग्णालयांत धर्मगुरूंना जे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण दिले जाते, त्याचे मूळ या वॉर्डात आहे.

बॉयसन यांचे सगळेच म्हणणे टिकले नाही. काही मानसिक आजार म्हणजे आत्म्याने स्वतःला पुन्हा सावरण्याची धडपड असते, असे त्यांना वाटे. त्यांचे पाठीराखे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांना ते पटत नसे. ते मूळ शरीरात शोधत. बॉयसन यांना पुढेही आजाराचे झटके आले. पण ‘मला काय झाले’ आणि ‘मला जे झाले त्याचा अर्थ काय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पहिल्याचे उत्तर औषधात असू शकते. दुसऱ्याचे गोळीत सापडत नाही.

समुपदेशन हा शब्द रूढ करणाऱ्या कार्ल रॉजर्सचीही वाट चर्चमधूनच गेलेली आहे. कडक धार्मिक घरात वाढलेला हा तरुण १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी चीनला गेला, १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्र विद्यालयात दाखल झाला आणि दोन वर्षांनी समोरचाच रस्ता ओलांडून कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला गेला. ठरावीक मतांना बांधून घेणे त्याला नको होते. पुढे त्याने सांगितले की समोरच्या माणसाचा विनाअट स्वीकार हीच बदलाची पहिली पायरी आहे. अनेक ख्रिस्ती अभ्यासकांना त्यात आपल्या ‘कृपा’ या कल्पनेचा प्रतिध्वनी ऐकू आला. पात्रता नसताना मिळते ती कृपा. रॉजर्सने देवाचे नाव गाळले, पण खुर्चीत बसण्याची रीत तीच ठेवली, असे त्यांचे म्हणणे.

फाटाफूट

१९६५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फुलर धर्मशास्त्र विद्यालयाने मानसशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा सुरू केली. धर्मशास्त्र आणि चिकित्सा मानसशास्त्र दोन्ही शिकलेले व्यावसायिक तयार करायचे, ही तिची कल्पना. त्याच वाटेने आणखी संस्था निघाल्या, १९७३ मध्ये या विषयाला वाहिलेले एक संशोधनपत्रही निघाले.

याच्या नेमके उलट टोक १९७० मध्ये दिसले. जे अ‍ॅडम्स या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांनी एक पुस्तक लिहून सांगितले की ज्याला आपण मनोविकार म्हणतो त्यातले बरेचसे, शारीरिक कारणे सोडली तर, पापाचे परिणाम आहेत. त्यावर बायबलमधून बोध आणि समज द्यावी. मानसशास्त्राची उसनवारी नको. यातला गमतीचा भाग असा, की अ‍ॅडम्स यांच्यावर प्रभाव होता होबार्ट मॉवरर या नामांकित मानसशास्त्रज्ञाचा. अपराधीपणाची भावना काढून टाकण्यापेक्षा माणसाने केलेली चूक कबूल करून ती निस्तरावी, असे मॉवरर सांगत.

अ‍ॅडम्स यांचे म्हणणे सरसकट हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खरोखर कुणाला फसवले असेल, कुणाचे वाटोळे केले असेल, तर होणारी टोचणी हा आजार नव्हे. ती काढून घेणे म्हणजे माणसाचे माणूसपण कमी करणे. त्यावर औषध एकच, जाऊन कबूल करणे आणि भरपाई करणे. पण नैराश्याच्या आजारात माणसाला न केलेल्या गुन्ह्याचीही टोचणी लागते. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात एखादीला वाटते, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही, देवाने मला शिक्षा दिली’. तिला पाप शोधायला लावणे म्हणजे जखमेत काडी घालणे. खरी टोचणी आणि आजाराची टोचणी यांत भेद करता येणे, हे या साऱ्या विषयाचे मर्मस्थान आहे. एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहू.

चपलेतला खडा

लॅटिनमध्ये ‘स्क्रूपुलुस’ म्हणजे छोटा टोकदार खडा. चपलेत गेला तर दिसत नाही, पण पाऊल टेकू देत नाही. मध्ययुगातील धर्मगुरूंनी हा शब्द एका विशिष्ट दुखण्याला दिला. आपण पाप केले आहे, ते नीट सांगितले नाही, सांगताना एक तपशील राहिला, प्रार्थनेत लक्ष भरकटले, मनात देवनिंदेचा विचार येऊन गेला, अशी शंका माणसाला सोडत नाही. तो पुन्हा पापनिवेदनाला जातो. बाहेर पडतो आणि पाचव्या पायरीवर पुन्हा शंका.

तरुण मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्तास निवेदन करत बसे आणि त्याचे गुरू स्टाउपिट्झ त्याला कंटाळत, हे प्रसिद्ध आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे अशाच अवस्थेत होते. सगळी पापे लिहून काढून सांगितली, तरी खडा टोचतच राहिला. जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत पाळी आली. शेवटी त्यांनी निश्चय केला की जुने काहीही पुन्हा सांगायचे नाही, आणि ते त्यातून सुटले. पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी अशा शंकांविषयी काही टिपणेही घातली.

आज या दुखण्याला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक प्रकार मानले जाते. हात पुन्हा पुन्हा धुणारा रुग्ण आणि तेच पाप पुन्हा पुन्हा सांगणारा रुग्ण यांच्या मनाचे यंत्र एकच असते. शंका येते, भीती वाढते, विधी केला की क्षणभर बरे वाटते आणि त्या क्षणभराच्या बरे वाटण्यानेच पुढच्या शंकेला बळ मिळते. त्यावरच्या उपचारात औषधांबरोबर एक रीत वापरली जाते. शंकेला मुद्दाम सामोरे जायचे आणि विधी करायचा नाही. भीती चढते, काही वेळ राहते आणि आपोआप उतरते, हे मनाला अनुभवाने शिकवायचे. इग्नेशियसचा निश्चय याच रीतीच्या किती जवळ होता, हे पाहून नवल वाटते.

आता दोन खुर्च्यांचा प्रश्न इथे लावून पाहा. एकटा समुपदेशक म्हणाला, ‘पापनिवेदनाला जाऊ नका’, तर श्रद्धावान रुग्णाला तो सैतानाचा सल्ला वाटेल. एकटे धर्मगुरू प्रेमाने दर वेळी ऐकून क्षमा देत राहिले, तर आजार त्यांच्याच हाताने वाढेल. दोघांनी, रुग्णाच्या संमतीने, एकमेकांशी बोलून ठरवले तर मात्र मार्ग निघतो. धर्मगुरू सांगतात, ‘महिन्यातून एकदा ये, एकदा सांगितलेले पुन्हा सांगायचे नाही, शंकेला पाप समजायचे नाही’. कॅथलिक परंपरेत अशा माणसाने एकाच निवेदन-गुरूचे ऐकावे, असा जुना सल्ला आहेच. समुपदेशक त्या चौकटीत उपचार करतो. क्षमा देणे त्याचे काम नाही, तो देतही नाही. धर्मगुरू आजाराचे निदान करत नाहीत. एकात्मीकरण म्हणायचेच असेल तर ते हे.

रुग्णाची भाषा

मराठी वाचकाला अल्बर्ट एलिस नवा नाही. किशोर फडके यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ने ती घरोघरी नेली. एलिस कडवा नास्तिक. १९८० मध्ये त्याने लिहिले की कडवी धार्मिकता म्हणजे जवळपास भावनिक बिघाडच. पुढे त्याने मत सुधारले. घातक असतो तो ताठर, ‘असेच झाले पाहिजे’ हा हट्ट; तो धार्मिक माणसात असतो तसा नास्तिकातही असतो. २००१ मध्ये श्रद्धावान रुग्णांवर हीच पद्धत कशी वापरावी, याचे पुस्तक त्याने दोन धार्मिक मानसशास्त्रज्ञांच्या सोबतीने लिहिले. एलिसचा ‘स्वतःचा विनाअट स्वीकार’ ख्रिस्ती रुग्णाला समजावताना त्याच्याच धर्मातली कृपेची कल्पना हाताशी असते. ‘मी परिपूर्ण असलो तरच मोलाचा’ हे म्हणणे त्याच्या स्वतःच्या श्रद्धेशीही जुळत नाही, हे त्याला दाखवता येते.

याची एक चाचणी रिबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. नैराश्य असलेल्या श्रद्धावान रुग्णांना एका गटात नेहमीची विचार-वर्तन उपचारपद्धती दिली, दुसऱ्यात तीच पद्धत ख्रिस्ती प्रतिमा आणि युक्तिवाद वापरून दिली. धार्मिक भाषेतील उपचाराचा चांगला गुण आला. चकित करणारी गोष्ट पुढेच होती. सर्वांत चांगला गुण आला तो स्वतः धार्मिक नसलेल्या उपचारकांनी ही धार्मिक भाषेतील पद्धत वापरली तेव्हा. अभ्यास लहान होता, काळानुसार गटांमधला फरकही कमी होत गेला. त्यावर मोठे मनोरे उभारू नयेत. पण एक सूचना त्यात आहे. उपयोगी पडते ती उपचारकाची श्रद्धा नव्हे, रुग्णाची. उपचारकाने ती भाषा आदराने शिकलेली असली म्हणजे पुरे.

आणि ती भाषा नेहमी बरे करणारीच असते असे नाही. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने संकटात माणसे देवाचा आधार कसा घेतात, याचा आयुष्यभर अभ्यास केला. ‘देव माझ्यासोबत आहे’ असे म्हणणारे आणि ‘देव मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकले’ असे म्हणणारे, दोघेही श्रद्धावानच. रुग्णालयातील सुमारे सहाशे वृद्ध रुग्णांच्या त्याच्या २००१ मधील अभ्यासात दुसऱ्या प्रकारचा झगडा करणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. म्हणून ‘तुम्ही देव मानता का’ एवढे विचारून भागत नाही. ‘तुमचा देव सध्या तुमच्याशी कसा वागतो आहे’ हेही विचारावे लागते.

क्षमा कुणी, कधी करायची

क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा गाभा. एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्षमेचा शास्त्रीय अभ्यास करत असतानाच, १९९५ च्या अखेरच्या रात्री, त्यांच्या आईचा घरफोडीत खून झाला. ज्या पायऱ्या ते इतरांना शिकवत त्या त्यांना स्वतः चढाव्या लागल्या. दुखावणारी घटना न टाळता आठवणे, समोरच्याच्या जागी जाऊन पाहणे, क्षमा ही देणगी म्हणून देणे, तसा निश्चय करणे आणि मन डळमळले तरी तो धरून ठेवणे. काही वर्षांनी त्यांच्या भावाने आत्महत्या केली, तेव्हा स्वतःला क्षमा करणे त्याहून अवघड गेल्याचे त्यांनी लिहिले आहे.

वर्दिंग्टन यांनी केलेला एक भेद व्यवहारात फार मोलाचा आहे. क्षमा करणे वेगळे, समेट करणे वेगळे. क्षमा एकट्याने करता येते. समेटासाठी समोरच्याने बदललेले असावे लागते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे ‘सातदा काय, सत्तर वेळा सातदा’ची आठवण देऊन बाईला परत पाठवणारा धर्मोपदेशक हा भेद विसरतो. तिला आधी सुरक्षित जागा, गरज पडल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण हवे. क्षमेचा विचार तिने तिच्या वेळेला करावा, किंवा करू नये.

लखनौ, वेल्लोर, लोणावळा

भारतात ही वाट परदेशातून जशीच्या तशी आली नाही. ई. स्टॅन्ली जोन्स या मेथडिस्ट मिशनरींनी १९५० मध्ये लखनौला ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र सुरू केले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र काढले. तिथे रुग्णासोबत घरच्या माणसाने राहण्याची पद्धत रुजली. घरापासून तोडलेला रुग्ण परत घरात बसत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण. आपल्या कुटुंबव्यवस्थेला ते मानवले.

महाराष्ट्राचा दुवा आहे अँथनी डिमेलो यांचा. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेले हे येशूसंघी धर्मगुरू अमेरिकेत समुपदेशन शिकून आले. पुण्यात त्यांनी ‘साधना’ ही समुपदेशन-शिक्षणाची संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. तिथे येणारे बरेचसे धर्मगुरू आणि धर्मभगिनी स्वतः इतरांना मार्गदर्शन करणाऱ्या. डिमेलो त्यांना आधी स्वतःचे ऐकायला बसवत. श्वासाकडे पाहणे, अंगावरच्या संवेदना टिपणे, दाबलेला राग ओळखणे, बायबलमधल्या प्रसंगात कल्पनेने शिरणे. त्यात इग्नेशियसच्या साधना होत्या, विपश्यनेची शिकवण होती आणि पाश्चात्त्य मानसोपचारही होते. १९७८ च्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकाचे उपशीर्षकच पौर्वात्य रूपातील ख्रिस्ती साधनांविषयी बोलते. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

निधनानंतर अकरा वर्षांनी, जून १९९८ मध्ये, रोमच्या धर्मसिद्धांत-विभागाने जाहीर केले की त्यांच्या लेखनातील काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. पुस्तके वाचली जातच राहिली; पुढील काही आवृत्त्यांत खुलाशाचे टिपण आले. वाद कुणी जिंकला, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. पण त्यातून एक गोष्ट कळते. श्रद्धा आणि मानसशास्त्र जोडताना ताण येतोच. दोन्ही बाजूंना खूश ठेवणारी जोडणी बहुधा वरवरची असते. डिमेलोंच्या खोलीत बसून गेलेल्या धर्मगुरूंनी गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन ऐकण्याची रीत बदलली, ही त्या ताणाची कमाई.

एलियाची भाकर

या विषयात सर्वांत जास्त पणाला लागते ते आत्महत्येच्या बाबतीत. १९१७ च्या कॅथलिक धर्मनियमांत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. घरच्यांवर दुहेरी घाला पडे. १९८३ च्या नव्या संहितेत ही तरतूद गाळली गेली. गंभीर मानसिक व्यथेमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांसाठी चर्च प्रार्थना करते, अशी शिकवण आली. आपला कायदाही अशाच वळणावर उशिरा पोहोचला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार धरणाऱ्या कलमाऐवजी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याच कायद्यात आणखी एक वाक्यार्थ महत्त्वाचा आहे. समाजातील प्रचलित धार्मिक समजुतींशी कुणाचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची कथा आहे. मोठा विजय मिळवून झाल्यावर तो घाबरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो. तो एलियाला त्याचा विश्वास कमी पडल्याचे सुनावत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाशी बोलणे त्यानंतर, डोंगरावर. झोप, अन्न, सोबत, मग संवाद. आजचा मानसोपचारतज्ज्ञही हाच क्रम सांगेल. स्तोत्रसंहितेत तर अठ्ठ्याऐंशिवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी आशेचा सूर नाही. ते काढून टाकावे असे संपादकांना वाटले नाही. निराश होणे म्हणजे अविश्वासी होणे नव्हे, याला धर्मग्रंथाचाच एवढा आधार आहे.

म्हणून व्यवहारात काही गोष्टी तपासून पाहाव्यात. समुपदेशक काय शिकला आहे आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करतो, हे विचारायला संकोचू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. प्रार्थनेचा विषय रुग्णाने काढला, तर समुपदेशकाने साथ द्यावी. स्वतःहून लादू नये. धर्मांतर हा समुपदेशनाचा हेतू कधीच असू शकत नाही, कारण त्या खुर्चीत बसलेला माणूस सर्वांत दुबळ्या क्षणी असतो. औषधे बंद करायला सांगणाऱ्या प्रार्थनासभेतून उठून यावे. भूतबाधा काढण्यासाठी मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक मोफत आहे.

यातले ख्रिस्ती तपशील वगळले, तर उरणारा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. ‘कुलदेवतेचे राहून गेले’ म्हणून खचलेली सासू किंवा ‘नाम घेऊनही मन शांत होत नाही’ म्हणून स्वतःला दोष देणारा वारकरी यांनाही कुणीतरी त्यांच्याच भाषेत ऐकणारे हवे असते.

बायबलमधल्या ईयोबाची मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सगळे गेले तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. मग त्यांनी तोंड उघडले, ‘तुझ्या पापामुळेच हे झाले असणार’ हे सिद्ध करायला लागले आणि पुढची तीसेक प्रकरणे त्यातच गेली. शेवटी देवाने त्यांनाच चूक ठरवले. पाद्री असो वा मानसशास्त्रज्ञ, दोघांच्याही शिक्षणाची सुरुवात त्या पहिल्या सात दिवसांपासून व्हायला हवी.